जिंकत आलेला डाव पुन्हा पुन्हा बरोबरीत सुटतोय? इंजिनच्या आधी स्कोअरशीट उघडा

दिवाळीनंतरच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत भाची हॉलमधून बाहेर आली ती स्कोअरशीटची, म्हणजे चाली लिहायच्या कागदाची, सुरळी करूनच. "मामा, जिंकून राहिले होते मी," एवढंच म्हणाली. म्हणजे ड्रॉ. हरली असती तर रडली असती, जिंकली असती तर आधी भूक लागली असती. आमच्या इंदुरी मराठीतलं हे ‘जिंकून राहिले होते’ ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात. पण व्याकरणात ज्याला अपूर्ण भूतकाळ म्हणतात तो या दुखण्याला जितका चपखल बसतो तितकं दुसरं काही बसत नाही. जिंकणं चालू होतं, पुरं झालं नाही.

तीन स्पर्धांत तिचे पाच डाव असे सुटले होते. माझे किती सुटले ते विचारू नका. तेव्हा हे लिहिणं तिच्यासाठी तितकंच माझ्यासाठीही आहे, आणि ज्यांचं रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) साधारण १२०० ते १९०० च्या आसपास घुटमळतंय, जे दीड तास अधिक दर चालीला ३० सेकंद अशा वेळेचे लांब डाव खेळतात, अशा सगळ्यांसाठी. ब्लिट्झवाल्यांनी (काही मिनिटांचे झटपट डाव खेळणाऱ्यांनी) हे वाचून फार उपयोग नाही. तिथे आजार वेगळा असतो.

आधी हे बघा: डाव खरंच जिंकलेला होता का?

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. "दोन प्यादी जास्त होती" म्हणजे जिंकलेला डाव असं नाही. दोघांचे उंट विरुद्ध रंगाच्या घरांवरचे असतील आणि पटावर बाकी काही नसेल, तर दोन प्यादी जास्त असूनही डाव बऱ्याचदा बरोबरीतच असतो. हत्ती आणि उंट विरुद्ध नुसता हत्ती, हाही सिद्धांताने बरोबरीचा. समोरचा थकून चुकतो म्हणून आपण जिंकतो, ही गोष्ट वेगळी. एकाच बाजूला चार प्यादी विरुद्ध तीन आणि दोघांकडे एकेक हत्ती, हाही नीट बचाव केला तर सहसा बरोबरीत सुटतो. तेच हत्तींऐवजी घोडे असतील तर जिंकण्याची शक्यता बरीच वाढते.

कडेच्या प्याद्याची फसगत तर मी स्वतः भोगली आहे. माझ्याकडे उंट आणि एच-पट्टीतलं प्यादं, समोर एकटा राजा. उंट पांढऱ्या घरांवरचा, आणि प्यादं जिथे वजीर होणार ते एच८ हे कोपऱ्यातलं घर काळं. समोरच्याचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि माझा उंट त्याला तिथून हुसकावू शकेना. एक अख्खा उंट आणि प्यादं जास्त, आणि हातात अर्धा गुण. ए-पट्टीत हेच उलटं: ए८ पांढरं, तेव्हा तिथे काळ्या घरांवरचा उंट कुचकामी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दहा चाली आधी, उंट कुठल्या रंगाचा उरतोय हे मी पाहिलंच नव्हतं.

पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले असतील तर वाद घालायचं कारणच नाही. टेबलबेस उघडा. राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचा निकाल कॉम्प्युटरने काढून ठेवलाय. लोमोनोसोव्ह टेबलबेस २०१२ मध्ये पुरे झाले, सिझिजीचे सात मोहऱ्यांचे २०१८ मध्ये. त्यात बरोबरी दाखवत असेल तर तुमचं दुखणं त्या चालीत नाही, आणखी मागे कुठेतरी आहे.

तपासणी कशी करायची

घरी पोचल्यावर सगळे एकच करतात. मोबाईल काढायचा, डाव टाकायचा, इंजिनची (डाव तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची) कोण वरचढ ते दाखवणारी पट्टी ज्या चालीला धपकन खाली येते ती चाल शोधायची, कपाळावर हात मारायचा. झालं विश्लेषण. पुढच्या महिन्यात तेच.

इंजिन कुठे सुटलं ते सांगतं. का सुटलं ते त्याला ठाऊक नसतं, कारण ते तुमच्या खुर्चीत बसलेलं नव्हतं. म्हणून आमच्याकडे आता नियम केलाय: डाव संपल्यावर पहिला अर्धा तास इंजिन बंद. स्कोअरशीटवर प्रत्येक चालीशेजारी उरलेली मिनिटं लिहिलेली असली पाहिजेत (डाव चालू असतानाच लिहायची, नंतर आठवून नाही). मग एका साध्या वहीत चार गोष्टी. आपण जिंकतोय असं पहिल्यांदा केव्हा वाटलं, ती चाल. कुठे निसटलं असं वाटतं, ती चाल. त्या चालीला किती वेळ घेतला. आणि तेव्हा मनात काय होतं, एका शब्दात: निवांत, भीती, कंटाळा, राग, भूक, काहीही.

मग इंजिन. तुम्ही लिहिलेली चाल आणि त्याने दाखवलेली चाल यांत दहा-दहा चालींचं अंतर निघालं तर दचकू नका. भाचीच्या पाचपैकी चार डावांत खरी चूक तिला वाटली त्याच्या बरीच आधी होती, आणि चारही ठिकाणी वहीत शब्द एकच होता: निवांत. घड्याळात २० मिनिटांहून जास्त शिल्लक, आणि चाल मिनिटाच्या आत खेळलेली.

मला वाटलं होतं, भीती निघेल.

‘आता सोपं करू या’

तिचा तो डाव सांगतो. ती पांढऱ्याकडून. तिच्याकडे हत्ती, पांढऱ्या घरांवरचा उंट आणि चार प्यादी. समोर हत्ती, काळ्या घरांवरचा उंट आणि दोन प्यादी. ३८ व्या चालीला तिने हत्तीसमोर हत्ती नेऊन ठेवला: घे, कापाकापी करू. समोरच्या मुलाने असा झटक्यात मारला की मलाच लांबून कळलं, त्याला काय हवं होतं ते. पुढे त्याने राजा आणि उंट तिच्या प्याद्यांच्या वाटेतल्या काळ्या घरांवर आणून बसवले आणि उठलाच नाही. तिचा उंट आयुष्यात काळ्या घरावर पाय ठेवू शकत नाही. ७१ व्या चालीला हात मिळवले.

"हत्ती का दिलास?"

"सोपं होईल म्हणून. तूच सांगितलंस ना, जास्त असलं की मोहरे कापायचे, प्यादी ठेवायची."

सांगितलं होतं. प्रत्येक शिकवणारा सांगतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण विरुद्ध रंगाच्या उंटांपुढे ते लागू पडत नाही. तिथे हत्ती किंवा वजीर पटावर आहेत तोवर ज्याचा हल्ला त्याचा फायदा, कारण हल्ला करणाऱ्याचा उंट ज्या घरांवर मारा करतो ती घरं समोरच्याचा उंट राखूच शकत नाही. जणू तुमच्याकडे एक मोहरा जास्त आहे. हत्ती उतरले की तोच उंट तुमच्या गळ्यात पडतो. तिने आपलं शस्त्र स्वतःच्या हाताने खाली ठेवलं, तेही दोन मिनिटं विचार न करता, कारण ‘सोपं’ या शब्दाने डोकं बंद केलं होतं.

याचा थोरला अवतार बघायचा तर २०१६ चा न्यूयॉर्कचा विश्वविजेतेपदाचा सामना काढा, कार्लसन विरुद्ध कार्याकिन, चौथा डाव. कार्लसन काळ्याकडून खेळत होता आणि अंत्यडावात स्पष्ट वरचढ होता. ४५ व्या चालीला त्याने एफ-पट्टीतलं प्यादं एफ४ वर ढकललं. दिसायला झकास चाल: जागा मिळते, पांढऱ्याचा श्वास कोंडतो. पण पट बंद झाला. शिरायची वाट उरली नाही. कार्याकिनने गढी बांधली आणि डाव ९४ चालींनंतर बरोबरीत सुटला. त्याच्या आदल्याच, तिसऱ्या डावातही कार्लसनच्या हातून जिंकायच्या संधी निसटल्या होत्या. तो डाव ७८ चाली चालला. म्हणजे त्या काळचा जगातला सर्वोत्तम खेळाडू, अंत्यडाव हाच ज्याचा हातखंडा, त्याच्याकडूनही ‘पकड घट्ट केली’ असं वाटणारी चाल प्रत्यक्षात पकड सोडणारी ठरली. आपली काय कथा.

दुरुस्ती अशी. जिंकतोय असं वाटल्यानंतरच्या तीन प्रकारच्या चाली धोक्याच्या समजायच्या: मोहऱ्यांची अदलाबदल, प्याद्याची पुढे ढकलणी, आणि पट बंद करणारी कुठलीही चाल. या तिन्ही परत घेता येत नाहीत. राजा इकडचा तिकडे केला, हत्ती एक घर सरकवला, तर चूक झाल्यास पुन्हा मागे येता येतं. कापलेला हत्ती परत येत नाही आणि प्यादं मागे चालत नाही. म्हणून यांपैकी काही करायच्या आधी हात मांडीखाली ठेवायचे, अक्षरशः, आणि स्वतःला विचारायचं: ही चाल झाल्यावर समोरच्याला काय काय करायचं उरतं? उत्तर ‘फारसं काही नाही, तो नुसता बसून राहील’ असं आलं, तर सावध. बसून राहणं हेच त्याला हवं असतं. तो निवांत व्हायला नको, आपण नाही झालो तरी चालेल.

भाचीने याचं आपलं सूत्र केलंय, ‘खिडकी मोजायची’. आत शिरायला किमान दोन खिडक्या उघड्या दिसल्या तरच दार लावायचं. मी यात भर घातलेली नाही, तिचंच राहू दिलंय.

समोरच्याच्या नावाला घाबरणं

२०१३, चेन्नई. आनंद आणि कार्लसन यांच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातला तिसरा डाव. आनंद काळ्याकडून, आणि डावाच्या मध्यावर कार्लसनची स्थिती खरोखर अवघडलेली. २९ व्या चालीला आनंदला उंटाने बी२ वरचं प्यादं मारता येत होतं. त्याऐवजी उंट डी४ वर गेला, पांढऱ्याला सावरायला उसंत मिळाली, आणि ५१ चालींनंतर बरोबरी. आनंदच्या मनात तेव्हा काय होतं ते त्याचं तोच जाणे. प्यादं मारलं असतं तर डाव नक्की जिंकला असता असंही मी म्हणणार नाही. पण दबाव आणखी वाढला असता, हे बऱ्याच जाणकारांचं मत होतं.

मला तो डाव आठवतो तो दुसऱ्याच कारणाने. तेव्हा आम्ही सात-आठ जण एकाच्या घरी पडद्यावर बघत होतो. रामबागेतले आमचे काका, तेव्हा सत्तरीत असतील, एकटेच म्हणाले, "मारायचं होतं रे. प्यादं आहे ते, पाहुणा नाही." काका देशी पद्धतीचं बुद्धिबळ बघत वाढले. तिथे प्याद्याने केलेली मात भूषणाची मानत. त्यामुळे प्याद्याबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त ओढ आहे, आणि फुकटचं प्यादं सोडलेलं त्यांच्याने बघवत नाही.

आपल्या पातळीवर हा बिघाड ओळखायची खूण सोपी. तीच स्थिती, समोर आपल्याहून २०० रेटिंगने खालचा खेळाडू आहे असं समजा. मारलं असतं का? उत्तर ‘लगेच’ असेल तर तुम्ही पटावरची स्थिती खेळत नव्हता, समोरची पाटी खेळत होता. यावर मला गुण आलेला एकच उपाय: पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार ती यादी) लागल्यावर समोरच्याचं रेटिंग पाहायचंच नाही. टेबल नंबर पाहायचा, रंग पाहायचा, जाऊन बसायचं. भाचीला हे जमत नाही. तिची पिढी आदल्या रात्रीच समोरच्याचे पन्नास डाव पाहून ठेवते.

हा बिघाड नव्हेच

आता उलटी बाजू, कारण काही जण नसलेल्या चुकीसाठी आठवडाभर जेवत नाहीत.

२०१८, लंडन, कार्लसन–कारुआना विश्वविजेतेपदाचा सामना. त्या सामन्याचे बाराही लांब डाव बरोबरीत सुटले. सहाव्या डावात कारुआना काळ्याकडून पेट्रॉफ बचाव खेळत होता, अंत्यडावात त्याच्याकडे एक मोहरा जास्त, कार्लसनकडे त्या बदल्यात प्यादी. ६८ व्या चालीला जिंकायची एक वाट होती: उंट एच४, आणि दोन चालींनी आपला घोडा थेट जी१ वर, म्हणजे शत्रूच्या पहिल्या रांगेत, जिथून त्याला बाहेर पडायला वाट नाही अशा जागी नेऊन ठेवायचा. नॉर्वेतल्या ‘सेसे’ नावाच्या ताकदवान कॉम्प्युटरने ती दाखवली. कारुआनाने ती खेळली नाही. ८० व्या चालीला डाव बरोबरीत सुटला. माजी जगज्जेत्या कास्पारोव्हने तेव्हा लिहिलं होतं, की त्याने ती चाल खेळली असती तर लगेच मेटल डिटेक्टर मागवले असते. म्हणजे माणसाला सुचावी अशी ती चालच नव्हती, लपवलेल्या यंत्राचा संशय आला असता.

मग त्याला ‘जिंकायची संधी घालवली’ म्हणायचं का? लाइव्ह बघणाऱ्या हजारो जणांनी म्हटलं, कारण पट्टी तसं दाखवत होती.

तुमच्या डावासाठी याची चाचणी घरच्या घरी होते. ती स्थिती पटावर मांडा, आपल्याच ताकदीच्या तीन मित्रांना एकेकट्याने दाखवा, दहा-दहा मिनिटं द्या. ‘इथे जिंकायची चाल आहे’ हे सांगायचं नाही. ते सांगितलं की निम्मं काम झालंच. नुसतं विचारायचं: काय खेळशील? तिघांनाही सापडली नाही, तर त्या डावावर काट मारा आणि वही मिटा. आम्ही हे इंदूरच्या छप्पन दुकानांवर पोहे खाताना प्रवासी पटावर करतो. पोह्यांवरचा जिरावण मसाला सांडून तो पट आता कायमचा पिवळा झालाय. माझ्या एका ‘घालवलेल्या’ डावाची चाल तिथे पाच जणांना सापडली नाही. त्या डावासाठी मी दोन रात्री झोपलो नव्हतो.

हात पुढे करायची घाई

त्याच २०१८ च्या सामन्याचा बारावा डाव. कार्लसन काळ्याकडून, स्थिती त्याची बरी, घड्याळातही तो कारुआनाच्या बराच पुढे, आणि ३१ व्या चालीला त्याने बरोबरीचा प्रस्ताव दिला. कास्पारोव्हसकट अनेकांनी टीका केली. पण कार्लसनचा हिशेब वेगळा होता: पुढे टायब्रेकमध्ये (सामन्यातली बरोबरी फोडायला) जलद डाव होते, आणि त्यात तो आपली ताकद ओळखून होता. ते त्याने ३–० असे जिंकले.

रविवारच्या स्पर्धेत तुमच्यासाठी टायब्रेकचे जलद डाव कोणी मांडून ठेवलेले नाहीत. तेव्हा वरचढ असताना प्रस्ताव देण्यामागे ‘डाव्या पायाला मुंग्या आल्या’ आणि ‘बाबा बाहेर गाडी काढून उभे आहेत’ याखेरीज कारण नसतं. उपाय एकच आणि तो चालतो: स्पर्धा सुरू होण्याआधी ठरवून टाकायचं, प्रस्ताव आपण द्यायचा नाही. समोरच्याने दिला तर निदान पाच मिनिटं विचार केल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. बस.

ठाऊकच नसणं

यावर जास्त काय लिहायचं. हत्तींचे अंत्यडाव सर्वांत जास्त येतात आणि सर्वांत कमी शिकले जातात. लुसेना आणि फिलिडोर या दोन स्थिती झोपेतून उठवून विचारल्या तरी आल्या पाहिजेत. लुसेना म्हणजे प्यादं सातव्या रांगेत, आपला राजा त्याच्यापुढे अडकलेला, समोरचा हत्ती कडेला. पांढरा: राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा: राजा ई७, हत्ती एच२. आता हत्ती ई१ शह, राजा डी७. हत्ती ई४! (हा पूल, शेवटी शह अडवायला कामी येतो), हत्ती एच१. राजा एफ७, हत्ती एफ१ शह. राजा जी६, हत्ती जी१ शह. राजा एफ६, हत्ती एफ१ शह. राजा जी५, हत्ती जी१ शह. आणि हत्ती जी४: शह अडला, प्यादं वजीर होणार. गंमत म्हणजे ज्या लुसेनाच्या नावावर ही स्थिती आहे त्याच्या १४९७ च्या पुस्तकात ती नाहीच. ती साल्व्हिओच्या १६३४ च्या पुस्तकात आहे.

फिलिडोर ही उलटी बाजू, बचावाची. हत्ती आपल्या तिसऱ्या रांगेत ठेवून समोरच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही. प्यादं त्या रांगेत घुसलं की हत्ती थेट पटाच्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचं. जिंकणाऱ्यानेही ती शिकायची असते, ती होऊ देऊ नये म्हणून.

पाठ करून भागत नाही. मी आणि भाची घड्याळावर एकेक मिनिट लावून लुसेना खेळतो, मग रंग बदलून. पहिल्या आठवड्यात मी दोनदा चुकलो. ती एकदाही नाही, पण तिने मला सांगितलं की दोनदाच मोजलेस, तीनदा चुकलास.

काकांचा इथला आवडता किस्सा वार्ना ऑलिंपियाडचा, १९६२. बॉटविनिक जगज्जेता, समोर १९ वर्षांचा फिशर, फिशर वरचढ, आणि डाव तहकूब. रात्री बॉटविनिकच्या सोव्हिएत चमूने विश्लेषण केलं, त्यातल्या गेलरला हत्तीच्या अंत्यडावात बचावाची युक्ती सापडली, आणि दुसऱ्या दिवशी बरोबरी. आता तहकुबी उरली नाही. रात्रीचा गेलर नाही, आपलंच डोकं, आणि तेही चौथ्या तासाला.

चौथा तास

म्हणून घड्याळ. २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात पहिल्या ४० चालींना दोन तास होते आणि तोवर दर चालीला मिळणारे जादा सेकंद नव्हते. सातव्या डावात गुकेशला जिंकण्याइतकी आघाडी मिळाली होती. ७२ चालींनंतर तो बरोबरीत सुटला. पाच तासांहून जास्त चाललेला डाव. असे डाव हातचे जाऊनही त्याने विजेतेपद घेतलं, ते पुढच्या आठवड्यात.

आपल्याकडे ३० सेकंद मिळतात म्हणून लोक घड्याळ दोन मिनिटांवर येऊ देतात. ३० सेकंदांत चाल खेळता येते, बेत आखता येत नाही. माझा ठोकताळा: जिंकतोय असं वाटलं की तिथेच १० मिनिटं खर्च करून बेत लिहिल्यासारखा ठरवायचा (प्रत्यक्ष लिहायचा नाही, नियमात बसत नाही). पैसा जसा स्वस्ताईत खर्च करतात तसं. आणि पिशवीत गूळ-शेंगदाणे. सकाळी सातला खाल्लेल्या पोह्यांवर दुपारी दीडचा हत्तींचा अंत्यडाव निभत नाही, हे वहीतल्या ‘भूक’ या शब्दाने आम्हाला दोनदा सांगितलं.

पुढच्या फेरीत उमटणारा बिघाड

हा फार जणांच्या लक्षातच येत नाही, कारण तो दुसऱ्या डावात दिसतो. २०१६ चा कार्लसन पुन्हा घ्या. तिसरा आणि चौथा डाव सुटले, पुढचे तीनही बरोबरीत, आणि आठव्यात पांढऱ्याकडून तो ओढून-ताणून जिंकायला गेला आणि हरला. मला त्या पराभवाचं मूळ तिसऱ्या-चौथ्या डावात दिसतं. देणं वसूल करायला निघालेला माणूस ज्या चाली खेळतो, तशा त्या होत्या. सावरला तो: दहावा जिंकला, आणि ३० नोव्हेंबरला, स्वतःच्या वाढदिवसाला, टायब्रेकमध्ये विजेतेपद राखलं.

आमच्याकडे दोन फेऱ्यांमध्ये तासभरच असतो. तेवढ्यात स्कोअरशीट घडी करून माझ्या खिशात, संध्याकाळपर्यंत परत मिळत नाही. मोबाईलही. "पण मामा, फक्त एकदा बघते ना, ३८ वी चाल." नाही.

उपाय केल्यावर

हे सगळं करून लगेच गुण येतील असं समजू नका. सोपं करायचं नाही म्हटलं की डाव अवघड राहतो, आणि अवघड डावात आपणही चुकतो.

गेल्या रविवारी भाचीला जवळजवळ तोच प्रसंग आला. विरुद्ध रंगाचे उंट, एक प्यादं जास्त, हत्ती कापायची सोय समोर. तिने कापला नाही. राजावर चाल करून गेली, बराच वेळ दाबून धरलं, आणि ५२ व्या चालीला समोरच्याच्या हत्तीचा एक शह तिच्या नजरेतून सुटला. उंट गेला, मग डाव.

बाहेर आली. स्कोअरशीट सरळ होती, सुरळी नव्हती. वही मागून घेतली आणि जिन्यातच बसून लिहिलं: ‘हत्ती ठेवला. ११ मिनिटं विचार केला. शह दिसला नाही. भीती नाही, निवांत नाही.’ शेवटच्या शब्दाशी थोडी अडली आणि लिहिलं, ‘मजा’.

मग म्हणाली, "मामा, सराफ्यात गराडू चालू झालं असेल ना? भूक लागून राहिलीये."